अंगूर आधी की सर्कस आधी? सल्ला हवाय

कोथरूडचाच_मी:
मंडळी, घरगुती पेच आहे. शनिवारी बहीण दोन पोरांना घेऊन येतीये (१० आणि १३ वर्षं) आणि पोरांनी फोनवरच जाहीर केलंय की मामाकडे मोठ्या टीव्हीवर सर्कस बघायचा, रणवीर सिंगचा. इथवर ठीक. पण घरात आमचे बाबा आहेत, वय ७६, अंगूर तोंडपाठ, म्हणजे संजीवकुमारने तोंड उघडायच्या आत हे वाक्य म्हणून मोकळे. सर्कस म्हणजे अंगूरचीच गोष्ट हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाहीये. तर आधी कुठला लावू, की सरळ पत्ते काढू?

सदाशिवपेठी_उपरा:
पत्ते. मी २०२२ च्या नाताळात पैसे देऊन थिएटरात बघितलाय. मध्यंतरातला वडापाव चांगला होता.

चहाबाज:
आधी अंगूर, बिनशर्त. जुळ्यांच्या दोन जोड्या, दोन अशोक न् दोन बहादूर आहेत हे फक्त आपल्याला माहितीये, पडद्यावर कुणालाच नाही, आणि कुणीही 'बघा मी विनोद करतोय' असा चेहरा करत नाही. मौसमी खरोखरची चिडलीये, आणि एक अशोक बिचारा जासूसी कादंबऱ्या वाचून वाचून समजतोय की एखादी टोळीच मागे लागलीये. सर्कसमध्ये एक भाऊ विजेची तार धरतो आणि झटके दुसऱ्याला, मग त्याला हात लावेल तो थरथरतो, पोरं हसतील पण तेच तेच आहे हो. आणि ते आधी बघितलं तर अंगूरची सुरुवात पोरांना संथ वाटणार. भांगेच्या भज्यांपर्यंत कुणाला उठू देऊ नका, पुढचं आपोआप होतं.

पर्वती_पायथा:
रिमेकला एवढं नाक मुरडताय, पण अंगूर तरी कुठे सोवळ्यातला? गुलजारनीच लिहिलेला दोन दुनी चार १९६८ ला येऊन गेला होता, किशोरकुमार आणि असित सेन. मग १९८२ ला गुलजारनी स्वतः दिग्दर्शन करून अंगूर काढला. त्याआधी बंगालीत उत्तमकुमारचा भ्रांतिबिलास, १९६३. मुळात सगळंच शेक्सपिअरचं. आपली बनवाबनवी हृषीदांच्या बीवी और मकानवरून, धूमधडाका तमिळवरून. तरी १९८८ पासून बनवाबनवी आपलीच म्हणून मिरवतोय आणि बरोबरच आहे, पुण्यात भाड्याची खोली शोधताना काय होतं ते ज्याने शोधलीये त्याला विचारा.

निवांत_पेन्शनर:
देवेन वर्मा, म्हणजे अंगूरमधले दोन्ही बहादूर, पुण्यात वाढलेले, २०१४ ला पुण्यातच गेले. अंगूरसाठी फिल्मफेअर मिळालं होतं त्यांना. पोरांना हे आधी सांगा, जरा आदराने बघतील. आणि वडिलांसमोर सर्कस लावायचाच तर जेवणानंतर लावा, डोळा लागेल.

कोथरूडचाच_मी:
रविवारचा रिपोर्ट. आधी अंगूर लावला. धाकट्याने दहा मिनिटांत मोबाईल काढला, बहिणीने काढून घेतला, पुढे भज्यांच्या सीनला हाच पठ्ठ्या सोफ्यावरून खाली घसरला आणि 'मागे घे, मागे घे' करत तीनदा बघितलंन. रात्री जेवणानंतर सर्कस. बाबा झोपले नाहीत. हाताची घडी, तोंडातून अक्षर नाही, थोरला सारखा पिक्चर सोडून त्यांच्याकडेच बघत होता. संपल्यावर 'तो सिद्धार्थ जाधव बरा आहे' म्हणाले आणि पाणी प्यायला उठले. मग मला अवदसा आठवली आणि मी पर्वतीवाल्यांचं दोन दुनी चारचं सांगून टाकलं. आता ते मानायलाच तयार नाहीत, 'अंगूरच्या आधी? शक्य नाही, दाखव' हे सकाळपासून तिसऱ्यांदा झालंय. तर तो कुठे बघायला मिळेल? २०१० चा ऋषी कपूरवाला नको, सर्चला सारखा तोच येतोय.