सोसायटीतल्या 'रनर्स' ग्रुपने मला जॉगर ठरवलं. ही रेघ नक्की कुठे मारतात?

सहा_बत्तीसची_फास्ट

नमस्कार मंडळी. मी मुलुंड पूर्वेला राहते, वय ४३, नोकरी फोर्टात. गेली तीन वर्षं आठवड्यातून चार दिवस पहाटे हायवेच्या सर्व्हिस रोडवर धावते. पाच किलोमीटर, साधारण ३९ मिनिटं. सव्वापाचला बाहेर पडायचं आणि सहाच्या आत घरी यायचं, कारण मग डबा, कुकर आणि माझी लोकल. यंदा जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमध्ये दहा किलोमीटर धावले. एक तास एकोणीस मिनिटं लागली. पदक देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला टांगलंय.

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीत धावणाऱ्यांचा व्हॉट्सॅप ग्रुप झाला. मीही नंबर दिला. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ लिफ्टमध्ये अगदी हसतमुखाने म्हणाले, "वहिनी, तुम्ही जॉगिंग करता ना? हा जरा सिरियस रनर्सचा ग्रुप आहे. जॉगर्सचा वेगळा काढू." ते किलोमीटरला ५:१० मिनिटांच्या वेगाने धावतात, हे सगळ्या विंगला पाठ आहे.

राग नाही आला. पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. वेगाने ठरतं का हे? अंतराने? की स्पर्धांना नाव नोंदवलं की? जाणकारांनी सांगावं.

घड्याळवाला_पोरगा

सोप्पं आहे. किलोमीटर सहा मिनिटांच्या आत असेल तर रनर, बाहेर असेल तर जॉगर. एवढी चर्चा कशाला?

आरे_ते_आरे

@घड्याळवाला, आमच्या गटात ७१ वर्षांचे एक आजोबा आहेत. साडेसातच्या वेगाने धावतात, वर्षाला दोन हाफ मॅरेथॉन करतात आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेटपासून कान्हेरीपर्यंतचा चढ न थांबता चढतात. तू तो चढ पाच किलोमीटरनंतर चालत चढतोस, मागच्या रविवारी पाहिलंय मी. आता सांग जॉगर कोण.

घड्याळवाला_पोरगा

😶

कट्टेकरी_दादर

ताई, उत्तर जरा लांबेल. रिटायर माणूस आहे, वेळ आहे.

मी परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होतो. वय आता ६४. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती मी १९९१ पासून धावायचो. रोज तीन फेऱ्या, कॅनव्हासचे बूट, बनियन. एक फेरी बाराशे मीटरच्या आसपास धरा. पाऊस असो, थंडी असो, मन प्रसन्न असो नाहीतर फोरमनने झाडलेलं असो, तीन म्हणजे तीन. असं मी तेरा वर्षं केलं आणि तेरा वर्षांत माझा वेग एका सेकंदाने वाढला नाही. वाढावा असं कधी वाटलंच नाही. तो मी शंभर नंबरी जॉगर, आणि सुखी होतो बरं का.

२००४ साली मुंबईत पहिली मॅरेथॉन झाली. वर्कशॉपमधल्या दोघांनी भरीला घातलं म्हणून हाफला नाव दिलं. रोज धावतोच की, एकवीस काय नि तीन काय! सुटलो ते उधळलेल्या बैलासारखा. हाजी अलीपर्यंत मजा होती. पुढे पेडर रोडचा चढ लागला आणि पोटऱ्यांचे गोळे झाले. दिव्याच्या खांबाला धरून उभा होतो. तेवढ्यात पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ टुकुटुकु धावत माझ्याशेजारी आले आणि न थांबता म्हणाले, "पहिल्या तासात सगळा पगार उडवलात वाटतं!" आणि गेले की पुढे. मी दोन तास एकवीस मिनिटांनी पोहोचलो, तोवर त्यांचा चहा पिऊन झाला असणार.

त्या वाक्याने मला झोप येईना. त्या माणसाला आपल्याकडे किती आहे ते माहीत होतं आणि ते कुठे खर्चायचं तेही. मला दोन्ही माहीत नव्हतं. तुमची रेघ मी तिथे मारीन.

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली. तारीख, अंतर, वेळ, आदल्या रात्रीची झोप, काय जेवलो, कुठे दुखलं. दोन महिन्यांनी वही वाचली तर लाज वाटली. माझे सगळे दिवस एकसारखे! ना धड हळू, ना धड जोरात. ताई, तुमचे ३९ मिनिटांचे पाच किलोमीटर वाचले तेव्हा मला माझीच वही आठवली.

मग एका जुन्या धावपटूने, जो आधी माझ्याशी बोलायलाही तयार नव्हता, आठवडा मांडून दिला. मंगळवारी प्रियदर्शिनी पार्कच्या चारशे मीटरच्या ट्रॅकवर दोन-दोन फेऱ्या जोरात, मध्ये तीन मिनिटं रमतगमत, असं सहा वेळा. रविवारी लांब पल्ला: शिवाजी पार्कहून निघून वरळी, हाजी अली, मरीन ड्राइव्ह करत नरिमन पॉइंट आणि तसंच परत, पंचवीस-सव्वीस किलोमीटर. सोमवारी काही नाही. आणि उरलेले दिवस हळू. हळू म्हणजे केवढं? शेजारच्याला कालच्या आमटीत काय चुकलं ते पूर्ण वाक्यात सांगता यावं इतकं. कट्ट्यावर ओढण्या खोचून चालणाऱ्या बायका मला मागे टाकून जायच्या आणि वळून बघायच्या. सुरुवातीला ते फार झोंबलं. जोरात धावायला हिंमत लागते म्हणतात, मला तर हळू धावायलाच जास्त लागली.

त्या हळू धावण्यातच सगळं बांधकाम होतं. हृदयाचा एकेक ठोका जास्त रक्त टाकायला लागतो, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, शरीर चरबी जाळायला शिकतं. पोटरीत नि यकृतात साठवलेली साखर बहुतेकांची तिसाव्या किलोमीटरच्या आगेमागे संपत येते, तेव्हा हेच कामाला येतं. आणि दम आठवड्यांत वाढतो, हाडं नि स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा मात्र महिने घेतात. नवे लोक दम वाढला म्हणून अंतर वाढवतात आणि नडगी धरून बसतात.

मुंबईचं आणखी एक. ऑक्टोबरात इथे घाम येतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग गार करत नाही. त्या महिन्यात घड्याळाच्या मागे लागणारा मी नवशिका समजतो, मग त्याचा आकडा काही असो. जुना माणूस मुकाट्याने वेग सोडतो आणि जानेवारीची वाट बघतो.

आता ते ५:१०. त्या वेगाने पूर्ण मॅरेथॉनला तीन तास अडतीस मिनिटं लागतात. छान वेळ आहे, माझी सगळ्यात चांगली तीन बावन्न होती, २०११ साली. पण आपल्याच रस्त्यावर पहिला येणारा परदेशी धावपटू सव्वादोन तासांच्या आत पोहोचतो. म्हणजे किलोमीटरला तीन मिनिटं आणि वर चिल्लर. तुमचे शेजारी येईपर्यंत त्याची आंघोळ होऊन हॉटेलात नाश्ता चालू असतो. आपली ललिता बाबर घ्या, माण तालुक्यातली. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावून दहावी आली. नाशिककडची कविता राऊत, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला ब्राँझ. यांच्यासमोर तुमची अख्खी सोसायटी जॉगर्सच्या ग्रुपमध्ये, ॲडमिनसकट.

पण एक बाजू कुणी सांगत नाही, ती सांगतो. कित्येक वर्षं मी सिरियस होतो. साडेसातला जेवण, नऊला दिवा बंद. घरात टीव्ही हळू आवाजात. लहान भावाच्या मुलीचं लग्न, शनिवारी संध्याकाळी रिसेप्शन. सकाळी सव्वीस किलोमीटर होते म्हणून मी आठलाच निघालो. पोरगी स्टेजवरून बघत होती. बायको अजून चारचौघांत म्हणते, "ह्यांनी बुटांची सवत आणली होती." मी हसतो, पण ते हसण्यावारी न्यायचं नाही एवढं कळतं.

२०१९ ला गुडघ्यातली कूर्चा फाटली आणि वही बंद झाली. आता पुन्हा कट्टा, पुन्हा तीन फेऱ्या, घड्याळ घरी. माझ्याच व्याख्येने मी जॉगर.

तेव्हा उद्या सकाळी आपण कशासाठी धावणार आहोत, हे तुम्हाला आज रात्री माहीत असतं का, एवढंच स्वतःला विचारा. माहीत नसेल तरी पहाटेची हवा खोटी नसते.

घड्याळवाला_पोरगा

काका, पॉइंट नोट केला. पण वही कोण लिहितं आता, घड्याळच सगळं लिहितं.

कट्टेकरी_दादर

घड्याळ आमटीचं लिहीत नाही.

नडगी_डॉट_ठाणे

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ठाण्यात. माझ्या टेबलावरून बघितलं तर फरक असा: जॉगरला दुखलं की तो थांबतो आणि चार दिवसांत बरा होतो. सिरियस रनर दुखलं की यूट्यूब बघतो, पट्टी लावतो, स्पर्धा धावतो आणि सहा आठवड्यांनी लंगडत येतो. वर विचारतो, "पुढच्या रविवारी हाफ आहे, जमेल ना?"

ताई, तुम्ही आता अंतर वाढवणार असं दिसतंय, म्हणून सांगते. नडगीच्या आतल्या बाजूला लांबवर पसरलेली ठणक असेल तर अंतर कमी करून पुष्कळदा भागतं. पण एका बोटाने नेमकी जागा दाखवता येत असेल, तिथे दाबल्यावर जीव जात असेल आणि रात्री पडल्यापडल्याही दुखत असेल, तर धावणं तिथेच थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. हाडाला बारीक तडा असू शकतो, आणि तो सुरुवातीला साध्या एक्सरेत बऱ्याचदा दिसत नाही. दुसरं, चाळिशीतल्या बायकांनी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्यावं. नुसता साठा कमी असला तरी पायात शिसं भरल्यासारखं वाटतं आणि आपण स्वतःला आळशी म्हणत बसतो. बूट पाचशे ते आठशे किलोमीटरला बदला, वरून कितीही नवे दिसोत.

कट्टेकरी काका, तुमच्या गुडघ्याबद्दल मला वेगळं बोलायचंय.

सहा_बत्तीसची_फास्ट

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. ऑडिट चालू होतं.

मुलाची नववीची भूगोलाची अर्धी कोरी वही मिळाली, तीच घेतली. पहिल्या पानावर मान्सूनचे वारे आहेत, पुढे मी. काकांनी सांगितलेलं हळू धावणं मला वाटलं होतं तितकं सोपं नाही. पाय आपोआप त्याच ३९ मिनिटांकडे ओढतात. मग मैत्रिणीला फोन लावून कानात बोलत धावले, वाक्य तुटलं की वेग कमी. पाच किलोमीटरला ४४ मिनिटं लागली आणि घरी आल्यावर चक्क भाकरी थापायचा उत्साह होता. गुरुवारी एक-एक मिनिट जोरात, आठ वेळा. त्या दिवशी मात्र दादर येईपर्यंत उभी होते आणि पाय थरथरत होते.

मागच्या रविवारी नऊ किलोमीटर झाले, आयुष्यात पहिल्यांदा सराव म्हणून. आनंदनगर टोलनाक्याच्या अलीकडे चौथा मजला समोरून आला. मला इतकं सावकाश बघून थांबला बिचारा. म्हणाला, "वहिनी, आज बरं नाही का?" मी म्हटलं, "एकदम बरं आहे." वहीत लिहून ठेवलंय.

फेरिटिन केलं. कमी निघालं. गोळ्या सुरू आहेत. ठाण्याच्या ताईंना मनापासून धन्यवाद, मी वर्षभर वयाला दोष देत होते.

जॉगर्सचा ग्रुप अजून निघालेला नाही. निघाला तर मीच ॲडमिन होईन म्हणते.

काका, एक विचारायचं राहिलं. येत्या शनिवारी संध्याकाळी नणंदेच्या मुलीचा साखरपुडा आहे, डोंबिवलीला. घरी यायला बारा वाजणार. रविवारी दहा किलोमीटर लिहिलेत. लवकर निघावं का तिथून?

कट्टेकरी_दादर

साखरपुड्याला जा. पंगत असेल तर शेवटच्या पंगतीला बसा. रविवारच्या पानावर 'साखरपुडा' लिहा आणि सोमवारी ते दहा भरून काढायला जाऊ नका.

बायको मागून वाचतेय. विचारतेय, मेनू काय आहे.