मदत हवी आहे : भाडेकरूला एनओसी देत नाहीत

वैतागलेला
बाणेरला फ्लॅट आहे. भाडेकरू ठरलाय, १ तारखेला सामान घेऊन येणार. आता सेक्रेटरी म्हणतात बॅचलर चालणार नाहीत, शिवाय दरमहा ३००० नॉन-ऑक्युपन्सी (मालक स्वतः राहत नाही म्हणून शुल्क) भरा, नाहीतर टेम्पो गेटातून आत सोडणार नाही. असं करता येतं का? नियम सांगा, उपदेश नकोत.

आगाऊ_काका
मेंटेनन्स किती? करार नोंदवला का?

वैतागलेला
४२००. करार या आठवड्यात करतोय. आयटीतली तीन मुलं आहेत.

पेठकर
१ ऑगस्ट २००१ चा शासन निर्णय वाचा. नॉन-ऑक्युपन्सी म्हणून मेंटेनन्समधल्या सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर एक रुपया घेता येत नाही, आणि त्यात पालिकेचा कर धरायचा नसतो. म्हणजे फार तर ४२०. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (मॉडेल बायलॉज) एनओसीची अटच नाही. आठ दिवस आधी कळवायचं, कराराची प्रत द्यायची. सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे तक्रार ठोका.

माजी_सेक्रेटरी
ठोका म्हणायला काय जातंय! रात्री दोनला बाल्कनीतून बाटल्या पडतात तेव्हा फोन आम्हाला येतात. मालक सिंगापुरात.

पेठकर
आमच्याकडे रात्री दोनला भांडतं ते सुखी कुटुंब आहे. त्यांना काढता का?

चिंगी
अकरा महिन्यांचा करार करा, नोंदणी लागत नाही.

आगाऊ_काका
महाराष्ट्रात लागते हो! भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. जबाबदारी घरमालकाची.

नवा_पुणेकर
अवांतर : बाणेरला टू बीएचकेचं भाडं काय चाललंय सध्या?

खडूस
बिलावर सोसायटी लिहिलंय की अपार्टमेंट?

वैतागलेला
'अपार्टमेंट कंडोमिनियम'. सगळे सोसायटीच म्हणतात. काय फरक पडतो?

खडूस
सगळाच. २००१ चा निर्णय सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली, सहकारी संस्थांसाठी. तुम्ही १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्यात. तुमचं डीड ऑफ डिक्लरेशन (इमारत या कायद्याखाली आणणारा दस्त) आणि त्याचे उपविधी काढा, भाड्याबद्दल काय आहे ते बघा. डीड नोंदवलेलं असतं, दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रत मिळते. ३००० त्यात नसतील तर कुठल्या ठरावाने मागता, ते लेखी विचारा. तोंडी बोलू नका.

पेठकर
हे आधी सांगितलं असतं तर माझं टायपिंग वाचलं असतं.

वैतागलेला
डीड सासऱ्यांकडे असेल. फ्लॅट त्यांच्या नावावर आहे.

आगाऊ_काका
हे आत्ता सांगताय? मग करारावर सही कोण करणार? कुलमुखत्यारपत्र आहे का?