आयटीआयच्या मुलांना टेकडीवरचे समतल चर कसे शिकवावेत?

प्रश्न: पुण्यातल्या टेकड्यांवर मूळची झाडी परत आणण्यासाठी छोटा कोर्स बसवतोय. मुलांनी उतारावर एकाच उंचीच्या रेषेत, पाणी अडवायला खोदलेले चर पहिल्याच जोरदार पावसात फुटतात. सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद १: पातळी चुकतेय. पाणी चराच्या सखल टोकाला धावतं आणि तिथूनच बांध जातो. आधी ए-फ्रेम, म्हणजे पातळी बघायची इंग्रजी A सारखी चौकट, करायला लावा: २ मीटरचे दोन बांबू, आडवी पट्टी, ओळंबा (दोरीला टांगलेला दगड). दोन खुंट्यांवर उभी करून दोरी पट्टीला लागते तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोन्हींच्या बरोबर मध्ये दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत. वाऱ्यात ओळंबा हलतो, दगड जड हवा. हे प्रत्येकाला जमेपर्यंत कुदळ देऊच नका!

प्रतिसाद २: माती कायम उताराच्या खालच्या बाजूलाच टाका. लांब चरात मधेमधे न खोदलेला अडसर ठेवा, म्हणजे एकीकडे फुटलं तरी सगळं पाणी तिथून जात नाही.

प्रश्नकर्ता: आणि रोपं? बहाव्याचं बी उगवतच नाही.

प्रतिसाद २: कवच टणक असतं. बी खरखरीत कागदावर एका बाजूने घासा, रात्रभर पाण्यात ठेवा. फुगलेलं तेवढंच पेरा, उरलेलं पुन्हा घासा.