स्किमरच्या कपाला ड्रेन लाईन करायचीय, भोक कुठे पाडू आणि नळी किती जाड घेऊ?

खारंपाणी३००
नमस्कार मंडळी. सम्प (टँकखालची फिल्टरची टाकी) धरून साधारण ३०० लिटरचा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोरलचा टँक, आहे माझा. स्किमर (फेस करून पाण्यातली घाण वरच्या कपात काढणारं यंत्र) सम्पमध्येच बसवलाय, चालतो मस्त, पण कप दोन दिवसांत भरतो आणि कपाटात तो इतका आत आहे की बाहेर काढताना दरवेळी थोडं तरी काळं पाणी परत सम्पमध्ये सांडतंच, सगळी मेहनत तिथेच वाया. पुढच्या महिन्यात आठ दिवस घरी नाहीये म्हणून म्हटलं कायमची ड्रेन लाईनच करून टाकू. कपाला मूळचं ड्रेनचं तोंड नाहीये, साधा ॲक्रिलिकचा कप, भिंत ३ मिमीच्या आसपास. डोक्यात असं आहे की बाजूला खाली भोक पाडायचं, एअर पंपाची बारीक नळी सिलिकॉन लावून चिकटवायची आणि थेट बाथरूमच्या ड्रेनमध्ये सोडून द्यायची म्हणजे रिकामं करायची भानगडच नको. एटीओ (सम्पची पातळी उतरली की आपोआप गोडं पाणी भरणारं यंत्र) चालू असतो, त्याची आरओ पाण्याची टाकी २५ लिटरची. यात काही चुकतंय का सांगा, कपाला एकदा भोक पाडलं की मागे फिरता येणार नाही.

प्रवाळवेडा
आधी नळीचं बोलू. एअर पंपाची नळी आतून ४ मिमी असते, ती आठवडाभरात बंद होणार. कपातलं ते नुसतं पाणी नसतं हो, बोटाला लागलं की शेवाळी मलमासारखं चिकटतं, आणि नळीत थांबलं की आतल्या भिंतीवर थर धरतं. आतून किमान १० मिमी घ्या, १२ मिळाली तर उत्तमच, आणि पारदर्शक घ्या म्हणजे कुठे अडलंय ते दिसतं.

दुसरं, नळीला झोळ पडू देऊ नका. कपापासून डब्यापर्यंत उतार एकसारखा हवा. मध्ये कुठे नळी खाली जाऊन परत वर आली की त्या झोळात गाळ बसतो, वरून हवाही अडकते आणि पाणी पुढे सरकतच नाही. आणि बहुतेकांची चूक होते ती जोडाच्या तुकड्यात. नळी १२ मिमीची असली तरी ती ज्या खाचेदार तोंडावर चढवता त्याचं आतलं भोक बरंच बारीक असतं, कधी ८ मिमी कधी त्याहून कमी, आणि सगळं तुंबतं ते तिथेच. विकत घेताना त्या तोंडातून आरपार बघून घ्या.

सिलिकॉन ॲक्रिलिकला नीट धरत नाही. काचेला धरतो तसा नाहीच, काही महिन्यांनी सोलल्यासारखा निघतो. त्यापेक्षा आट्यांचा छोटा टँक निपल बसवा, रबर वायसर कपाच्या आतल्या बाजूला आणि नट बाहेरून, हातानेच आवळायचा, पान्याने आवळलात तर तडा जाईल. भोक बाजूच्या भिंतीत, तळाला जितकं टेकून पाडता येईल तितकं, फक्त आतला वायसर सपाट बसेल एवढी जागा सोडा. गोल कपाची भिंत वाकडी असते त्यामुळे वायसर जरा जाड आणि मऊ घ्या. वायसरच्या उंचीइतकं पाणी कपात कायम राहणार, त्याचं टेन्शन घेऊ नका.

ड्रिल करताना साधा लोखंडाचा बिट वापरू नका, तो आरपार जाताना ॲक्रिलिकला खेचतो आणि टवका उडतो. स्टेप ड्रिल घ्या, दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप, आतून लाकडाचा तुकडा दाबून धरा आणि मशीन अगदी हळू. मधे थांबत राहा, गरम झालं की ॲक्रिलिक वितळून बिटालाच चिकटतं.

सम्पखालचा_संसार
वरचं सगळं बरोबर आहे पण मला काळजी वाटतेय ती तुमच्या बाथरूमच्या ड्रेनची. कृपा करून तसं करू नका.

माझा अनुभव सांगतो. टँक २०० लिटरचा. एका संध्याकाळी कोरलचा तुकडा दगडाला चिकटवायला इपॉक्सी पुटी वापरली आणि झोपलो. पुटीने स्किमर पिसाटतो हे तेव्हा माहीत नव्हतं. रात्रभर फेस नाही, चक्क पाणीच कपात येत राहिलं आणि लाईनने खालच्या २० लिटरच्या बादलीत जात राहिलं. सम्पची पातळी उतरली की एटीओ गोडं पाणी ओतायचा, पातळी बरोबर दिसायची, स्किमर परत बाहेर फेकायचा. सकाळी बादली काठोकाठ, टँक बघायला एकदम नॉर्मल, फक्त कोरल सगळे मिटलेले. खारटपणा मोजला तर ३५ पीपीटीवरून (हजार भागांत मिठाचे भाग) ३१.५. म्हणजे दहा टक्के पाणी गेलं तर दहा टक्के मीठ गेलं, सरळ हिशोब. बादली होती म्हणून किती गेलं ते तरी कळलं. थेट ड्रेनला जोडलं असतं तर एटीओची टाकी संपेपर्यंत हे चालूच राहिलं असतं. तुमची टाकी २५ लिटरची, शिवाय तुम्ही आठ दिवस घरी नाही. मीठ परत वर आणायला मला चार दिवस लागले, एटीओत गोड्याऐवजी खारं पाणी भरून रोज जेमतेम १ पीपीटी वाढवत.

इपॉक्सीच नाही, काही औषधं, क्लोरीन काढणारं कंडिशनर, टँकमध्ये घातलेला साबणाचा हात, यातल्या कशानेही तेच होऊ शकतं.

तेव्हा लाईन डब्यातच सोडा, डबा लहान घ्या, आणि त्यात फ्लोट स्विच लावा जो डबा भरला की स्किमरचा पंप बंद करेल. स्विच कमी व्होल्टचा आणि मधे रिले, घरचा करंट त्या फ्लोटमधून नेऊ नका. फ्लोटलाही तो चिकटा धरतो आणि तो तिथल्या तिथे अडकून बसतो, म्हणून महिन्यातून एकदा हाताने उचलून बघायचा की पंप खरंच थांबतोय का. आणि पंप थांबल्यावर स्किमरच्या नळकांड्यातलं पाणी सम्पमध्ये उतरतं, तेवढी जागा सम्पमध्ये आहे ना तेही एकदा बघून घ्या.

खारंपाणी३००
बापरे, एटीओचं हे डोक्यातच आलं नव्हतं. बाथरूमचा विचार रद्द. ५ लिटरचा झाकणाचा कॅन आहे, तो कपाटात स्किमरच्या खालच्या पातळीला बसतो. वासासाठी झाकण एकदम हवाबंद करू ना?

नळ_नट_वायसर
हवाबंद केलात तर एक थेंबही जाणार नाही. पाणी आत यायचं तर आतली हवा बाहेर जायला हवी. मी पहिल्यांदा असंच केलं होतं, नळीत वीतभर तपकिरी पाणी नुसतं उभं, तासभर बघत बसलो, शेवटी झाकण अर्धा आटा सैल केलं आणि गुडगुड करत सगळं खाली.

झाकणाला दोन भोकं पाडा, एक लाईनचं, दुसरं हवेचं. हवेच्या भोकाला उभी नळी लावा आणि ती कपाच्या काठाच्याही वर नेऊन बांधा. झाकणाला रबर वायसर असेल आणि दोन्ही जोड पक्के असतील तर कॅन भरल्यावर पाणी जमिनीवर येत नाही, दोन्ही नळ्यांत चढत जातं, मग कप भरतो आणि जास्तीचं परत सम्पमध्ये पडतं. घाण परत आली तरी मीठ घरातच राहिलं. म्हणजे तुमचं जास्तीत जास्त नुकसान ५ लिटरच्या आसपास, ३०० लिटरमध्ये ते ०.६ पीपीटी. फ्लोट स्विच अडकला तरी हे काम करतं म्हणून मला हे जास्त भरवशाचं वाटतं. स्किमरवर बसवायच्या आधी बेसिनमध्ये साध्या पाण्याने भरून जोड गळतात का बघा.

वासासाठी उभ्या नळीच्या टोकाला थोडा कोरडा कार्बन पिशवीत बांधा. ओला झाला की बदला.

खारंपाणी३००
झालं काम! दोन दिवस लागले. स्टेप ड्रिलने भोक स्वच्छ पडलं, टँक निपल बसवला, १२ मिमीची नळी. कप काढता यावा म्हणून निपलनंतर लगेच छोटा बॉल व्हॉल्व्ह टाकला, बंद करायचा, नळी ओढून काढायची, कप उचलायचा, सम्पमध्ये एक थेंब नाही. एकच प्रॉब्लेम, कॅनमध्ये तीन दिवसांत फारसं काही आलेलं नाही, कपाच्या तळाला मात्र काळा चिखल साठलाय.

प्रवाळवेडा
फेस फार कोरडा येतोय तुमचा. घट्ट चिखल उतारावरून वाहत नाही, ड्रेन लाईन असली की थोडं ओलं स्किमिंग करावंच लागतं. स्किमरमधली पाण्याची पातळी अगदी किंचित वाढवा, कपात येणारं पाणी काळ्या कॉफीऐवजी कडक चहाच्या रंगाचं दिसलं पाहिजे. एका वेळी थोडंच फिरवायचं आणि दिवसभर थांबायचं, लगेच परत हात लावायचा नाही.

आणि स्किमरच्या गळ्याची (फेस जिथून कपात चढतो तो भाग) सफाई याने सुटत नाही बरं का. गळ्याच्या आतल्या बाजूला चिकटा धरला की फेस वर चढतच नाही, तो दोन-तीन दिवसांनी पुसायलाच लागतो. कुणाला किल्ली देऊन जाणार असाल तर फक्त तेवढं शिकवून ठेवा, आणि जायच्या आदल्या दिवशी पातळी पुन्हा थोडी खाली करून ठेवा. आठ दिवस थोडं कमी निघालं तरी चालेल.