बायकोच्या भीतीवरच्या उपचारात नवऱ्याचं काय काम?

घणसोलीकर:
बायकोला लोकलची धास्ती आहे. ठाण्याला नऊ नंबरवर वाशी गाडी लागली की छातीत धडधड, हाताला दरदरून घाम, आणि ही आल्या पावली रिक्षा स्टँडवर. दोन वर्षं ऑफिसला मीच बाईकवर नेतो-आणतो. आता समुपदेशक म्हणतात, पुढच्या वेळी तुम्हीही या. उपचार तिचे, मी तिथे जाऊन काय करू?

तुर्भ्याची ताई:
'दोन वर्षं मीच नेतो-आणतो.' म्हणून तर बोलावलंय! टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि भीती आणखी मुरते. आमच्याकडे नवऱ्याला हाच त्रास. मी दर स्टेशनला फोन करायचे, दिघा गेलं का, ऐरोली आलं का? थेरपिस्टनी आधी माझा फोन बंद केला. पहिल्या आठवड्यात तो नुसता प्लॅटफॉर्मवर उभा, तीन गाड्या सोडून द्यायच्या. मग एक स्टेशन, मी शेजारी. मग मी लेडीजमध्ये, तो जनरलमध्ये. मग मी घरीच. त्या दिवशी दोनदा पोळी करपली माझी.

नाव नको:
सगळ्यांचे नवरे असे शहाणे नसतात. माझा सेशनमध्ये मान डोलवत बसला आणि रविवारी सासूबाईंसमोर म्हणाला, 'डॉक्टरच म्हणाले, ही भित्री आहे.' आता भाजीत मीठ जास्त पडलं तरी 'गोळी घेतलीस ना?' २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, पण तो डॉक्टरला बांधतो. नवऱ्याला कोण बांधणार?

वाचनवेडा:
१९८४ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बार्लो आणि सहकाऱ्यांनी घराबाहेर पडायला घाबरणाऱ्या बायकांच्या उपचारात नवऱ्यांना सामील केलं. ज्यांचे नवरे आले त्या जास्त सुधारल्या. मात्र इतर काही अभ्यासांत हा फरक दिसलेला नाही.

नाव नको:
बघा! म्हणजे नवरा आलाच पाहिजे असं काही नाही.

तुर्भ्याची ताई:
नाहीच. पण बाईक चालवतोय तो नवराच ना? ती थांबवायची तर त्याला कळायला नको का, कधी आणि कशी? एकदम थांबवलीत तर तो छळ होईल. बाकी तुमचा मुद्दा खरा, त्याच्यासमोर काय बोलायचं ते तिने ठरवावं.

घणसोलीकर:
विचारलं तिला. म्हणाली, 'ये, पण अर्धा तास बाहेर बसायचं. आणि आईला यातलं अक्षर कळता कामा नये.'