शब्दचर्चा: देवाची प्रीती 'स्वीकारायची', 'घ्यायची' की ती 'मिळते'?

नगरकरीण

जय ख्रिस्त. नाताळच्या आदल्या रात्री आमच्या मंडळीत तरुण संघातर्फे मला छोटासा संदेश द्यायचा आहे. विषय दिलाय 'देवाच्या प्रीतीचा स्वीकार'. लिहायला बसले आणि क्रियापदापाशीच अडले. अर्ज स्वीकारले जातात, राजीनामे स्वीकारले जातात, आपण पराभव स्वीकारतो. या शब्दात आता ऊब उरली नाही असं मला वाटतं. 'घ्या' म्हटलं तर फार कोरडं होतं आणि 'मिळवा' म्हटलं तर कमवायची वस्तू वाटते. समोर बायबलमधलं योहान 3:16 हे वचन तोंडपाठ असलेल्या आजी असतील आणि मित्रांबरोबर पहिल्यांदाच चर्चमध्ये येणारी कॉलेजची मुलंही असतील. कोणता शब्द वापरू?

वसईकर

ताई, 'मिळवा' आधी काढून टाका. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात प्रेषित पौल स्वच्छ सांगतो की तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने झालं आहे, ते तुमच्या हातून झालेलं नाही, देवाचं दान आहे. जे दान आहे ते मिळवायचं कसं? 'मिळालं' मात्र चालेल. 'मला देवाचं प्रेम मिळालं' या वाक्यात 'मला' आहे, 'मी' नाही. मी काही केलं असा दावाच त्यात नाही.

'स्वीकार' मात्र इतक्या सहज सोडू नका. हा शब्द 'स्व'पासून बनला आहे. स्वीकारणे म्हणजे आपलंसं करणे. आता योहानाच्या शुभवर्तमानातल्या पहिल्या अध्यायातली अकरावी ओवी, म्हणजे वचन, मराठीत वाचा: 'त्याच्या स्वकीयांनी त्याचा स्वीकार केला नाही.' स्वकीय आणि स्वीकार, दोन्हींत तोच 'स्व'. जे त्याचे आपले होते त्यांनीच त्याला आपला म्हटलं नाही, हे दुःख मराठी वाक्यात किती उघडं पडतं! आणि लगेच बाराव्या ओवीत, ज्यांनी स्वीकार केला त्यांना देवाची मुलं होण्याचा अधिकार मिळाला. अधिकार दिला त्यानेच. नाताळचा सगळा आशय या दोन ओव्यांत आहे. शब्द झिजला म्हणून टाकू नका, त्याचं पोट उघडून दाखवा.

पावती

मी ख्रिस्ती नाही. शब्दांची आवड म्हणून लिहितो, चुकलं तर सांगा.

तुमच्याच शास्त्रात एक जुना, सुंदर शब्द आहे, त्याचा विचार झालेला दिसत नाही. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत येशूच्या आईला, मरियेला, हाक मारतो ती 'कृपा पावलेल्या स्त्रिये' अशी. 'पावणे' हे मराठीतलं फार अर्थपूर्ण क्रियापद आहे. एक अर्थ पोचण्याचा: जुन्या पत्रांची सुरुवातच 'आपले पत्र पावले' अशी असे. दुसरा लाभण्याचा: समाधान पावणे, प्रतिष्ठा पावणे. तिसरा आपल्या रोजच्या बोलण्यातला: देव पावला.

या तिसऱ्या अर्थात बहुतेक वेळा आधी नवस असतो. माणूस काहीतरी बोलतो, करतो, मग देव पावतो. अर्थात सगळी मराठी भक्ती अशी नाही. 'नवसें कन्यापुत्र होती, तरि कां करणें लागे पती' असं तुकोबांनीच खडसावून विचारलं आहे. पण मरियेच्या गोष्टीत क्रमच वेगळा आहे. तिने काही मागितलेलं नाही, बोललेलं नाही. देवदूत आत येतो तेव्हा ती कृपा पावलेलीच आहे. कृपा तिच्यापर्यंत पोचून चुकली आहे, तिला ते आत्ता कळतंय.

वसईकर

वा दादा! मूळ ग्रीक शब्दही कर्मणीच आहे, 'जिच्यावर कृपा झालेली आहे' अशा अर्थाचा. आणि तरी मरियेचं उत्तर उरतंच: 'आपण सांगितल्याप्रमाणे मला होवो.' पावणं आधी, होकार नंतर. होकाराने कृपा निर्माण होत नाही, पण होकाराशिवाय गोष्ट पुढेही जात नाही. ताईंच्या संदेशाला हा क्रम पुरेसा आहे.

गोवेकर

मला अडचण शब्दापेक्षा सवयीची वाटते. आपल्याला घेताच येत नाही. नाताळात आमच्याकडून शेजारी नेवऱ्या, दोदोल, केक घालून ताट जातं. ते ताट धुऊन रिकामं परत आलेलं मला आठवत नाही. साखर तरी घालतातच. दिवाळीत त्यांचं फराळाचं ताट आलं की आम्हीही तेच करतो. रीत छानच आहे, मोडू नये. पण हाच हिशेब आपण देवापाशी नेतो. उपास केला, गायनमंडळात गायलो, अनाथाश्रमात ब्लँकेटं वाटली, आता त्याच्यासमोर उभं राहायला हरकत नाही, असं आत कुठेतरी चाललेलं असतं. योहानाच्या पहिल्या पत्रात क्रम उलटा आहे: 'पहिल्याने त्याने आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण प्रीती करतो.' 'पहिल्याने' या शब्दावर बोलताना थांबा, ताई.

आणि मेंढपाळ विसरू नका. मागी लोक सोनं, ऊद, गंधरस घेऊन आले. आमच्याकडे 6 जानेवारीला तीन राजांचा सण होतो तो त्यांचाच. पण त्या पहिल्या रात्री आले ते मेंढपाळ. त्यांनी काही आणलं असं लूक लिहीतच नाही. रात्रपाळीवरची माणसं ती, होती तशी उठून आली. त्यांनी पाहिलं, सांगितलं आणि देवाचा गौरव करत परत गेली. त्यांना कुणी 'काय आणलंत?' असं विचारलं नाही.

नगरकरीण

मेंढपाळांचं हे मी नक्की घेणार. 'अनुभवा' कसं वाटतं? हल्ली बॅनरवर 'या नाताळात देवाचे प्रेम अनुभवा' असं सर्रास असतं.

वसईकर

मी ते टाळेन, आणि हे मनापासून सांगतो. अनुभव आज्ञेने येत नाही. तुमच्यासमोर कुणी असं बसलेलं असेल ज्याच्या घरचं माणूस याच वर्षी गेलं आहे. घरात ख्रिस्तजन्माच्या देखाव्याचा गोठा मांडलेला नाही, करंज्या तळलेल्या नाहीत, नुसतं उपासनेला यायचं म्हणून आलंय. त्याला 'अनुभवा' म्हटलं की आपल्याला काहीच जाणवत नाही म्हणजे आपलाच विश्वास कमी, असं वाटून ते आणखी मिटतं. रोमकरांस पत्रात देवाच्या प्रीतीचा आपल्या अंतःकरणात 'वर्षाव' झाला आहे असं म्हटलंय. झाला आहे. जाणवो न जाणवो. त्या माणसाला आधार या 'झाला आहे'चा आहे.

हातांकडे पाहा. आमच्याकडे मिस्सात, म्हणजे कॅथलिक उपासनेत, ख्रिस्तशरीर म्हणजे पवित्र भाकर हातात घेताना एका तळहातावर दुसरा तळहात ठेवून पुढे धरतात. बोटांनी उचलायचं नसतं. धर्मगुरू 'ख्रिस्ताचे शरीर' म्हणतात, आपण 'आमेन' म्हणतो आणि ते हातावर ठेवलं जातं. घेणाऱ्याचं काम एवढंच: हात मोकळे ठेवणं आणि आमेन म्हणणं. मनात कोरड असली तरी हे करता येतं.

नगरकरीण

आम्ही 'प्रभुभोजन घेतलं' म्हणतो, तिथे 'घेणे' मुळीच कोरडं वाटत नाही. मग मघाशी मला ते का खटकलं असेल?

पावती

कारण तिथे देणारा समोर आहे. नुसतं 'प्रेम घ्या' म्हटलं की देणारा वाक्यातून गायब होतो. 'तो देतो आहे, घ्या' म्हणून पाहा, कोरडेपणा जाईल. बाप्तिस्म्याचंही तसंच नाही का? रेव्हरंड टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा 'घेतला' असं आपण म्हणतो, कारण तो जाणत्या माणसाचा निर्णय होता. तान्ह्या बाळाचा मात्र बाप्तिस्मा 'होतो'.

वसईकर

बरोबर. आणि आजी व कॉलेजची मुलं दोघांना कळायला हवं असेल तर एक सुचवतो. वचन वाचताना 'प्रीती' ठेवा. आजींच्या कानात तोच शब्द बसलेला आहे, तिथे 'प्रेम' घातलंत तर त्या मनातल्या मनात दुरुस्त करत बसतील. समजावून सांगताना 'प्रेम' म्हणा. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत शास्त्र आणलं ते साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणूनच. सोपं केल्याने वचन हलकं होत नाही.

गोवेकर

'उतारशाळा' शब्दही समजावून सांगा बरं का. 'उतारशाळेत जागा नव्हती' हे मुलांना कळत नाही. वाटसरूंनी मुक्कामाला उतरायची जागा, एवढं सांगितलं तरी पुरे.

नगरकरीण

सांगते. सुरुवात अशी लिहिली आहे: 'देवाची प्रीती तुमच्यापर्यंत पोचली आहे. ती कमवायची नाही, फेडायची नाही. ज्याने ती दिली त्याला आज आपलं म्हणा.' 'स्वीकार' हा शब्द त्यानंतर, योहानाचं वचन वाचताना येईल. 'फेडायची नाही' हे आजींना कानाला कसं लागेल?

वसईकर

चांगलं लागेल. फक्त 'फेडायची नाही'च्या जागी 'फेडता येणार नाही आणि फेडायचीही नाही' असं म्हणा. पहिलं त्यांना ठाऊक आहे, दुसरं ऐकायची गरज आहे.