विक्षोभ आला की शेकोट्या पेटवायच्या, की गेल्यावर?

प्रश्न : निफाड तालुक्यातून

नमस्कार मंडळी. माझी दोन एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे, मण्यात पाणी उतरायला, म्हणजे मणी पिकायला लागलेत. काल रात्रीच्या बातम्यांत सांगितलं की मंगळवारी काश्मीरवर पश्चिमी विक्षोभ येतोय, बर्फ पडणार, उत्तरेत थंडी वाढणार. मला एवढंच हवंय, बागेत शेकोट्या कोणत्या रात्री करायच्या?

विचारण्याचं कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी अशीच बातमी ऐकून पहिल्या दोन रात्रींत सगळं सरपण जाळून बसले. दोन्ही रात्री आभाळ होतं, गारठा असा नव्हताच. तिसऱ्या दिवशी आभाळ निवळलं आणि पहाटे बोटं वळेनात अशी थंडी पडली. जाळायला काडी शिल्लक नव्हती. आठवड्यात मणी गुलाबी पडले, व्यापाऱ्याने भाव पाडला. सासूबाई दोन्ही रात्री माझ्याबरोबर बागेत जागल्या होत्या. ते आठवलं की अजून जीव तुटतो.

उत्तर : सिन्नरहून

ताई, तुमचं सरपण चुकीच्या रात्री गेलं, आणि तसं पुष्कळांचं जातं. विक्षोभ येतो त्या दिवशी आपल्याकडे थंडी येत नाही. उलट ती कमी होते.

हा विक्षोभ म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची हवा, ती भूमध्य समुद्राच्या बाजूने निघते, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून आपल्या हिमालयाला भिडते. जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात बर्फ, पंजाब-हरियाणात पाऊस. विक्षोभ येताना वारं फिरतं, उत्तरेचा कोरडा झोत थांबतो, आभाळ येतं. ढग म्हणजे जमिनीवरची गोधडी, रात्रीची ऊब वर जाऊ देत नाही. किमान तापमान दोन-चार अंश चढतं. तो पूर्वेकडे सरकला की आकाश मोकळं होतं आणि बर्फावरून वायव्येचं कोरडं वारं सुटतं. आधी पंजाब, हरियाणा, राजस्थान गारठतात, मग एक-दोन दिवसांत ते वारं मध्य प्रदेशातून धुळे, जळगाव, नाशिकवर उतरतं. तुमची रात्र ती.

हवामान खात्याच्या देशभराच्या बुलेटिनमध्ये किमान तापमानाचा वेगळा परिच्छेद असतो. ‘पुढील २४ तासांत फारसा बदल नाही, त्यानंतर २ ते ४ अंशांनी घट’ अशा धर्तीचं वाक्य असतं. सगळा जीव त्या ‘त्यानंतर’ शब्दात आहे. वायव्य भारताचं वाक्य आधी वाचा, मग मध्य भारताचं, मग महाराष्ट्राचं. थंडी कुठवर पोचली ते कळतं. पहिल्या तीन दिवसांवर भिस्त ठेवा, पुढचं रोज तपासा. मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला येतो, तोही सोडू नका.

आणि बंगालच्या उपसागरावरून पूर्वेचं दमट वारं येत असेल, तर विक्षोभ गेला तरी ढग हटत नाहीत. तेव्हा शेकोटीपेक्षा भुरीची, म्हणजे वेलीवरच्या पांढऱ्या बुरशीची काळजी जास्त.

उत्तर : पिंपळगावहून

काकांचं सगळं बरोबर, एक भर घालतो. ‘थंडीची लाट’ जाहीर व्हायची वाट बघू नका. मैदानी भागात किमान १० अंश किंवा खाली हवं, शिवाय सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी कमी, तेव्हा लाट म्हणतात. सरासरी १० असेल तर ५.५ पर्यंत उतरावं लागेल. घडांचे हाल त्याच्या कितीतरी आधी सुरू होतात. पेपरात निफाड म्हणून छापतात तो आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा असतो, तुमच्या बागेचा नाही. गार हवा जड, ती उताराने खाली येऊन साचते. पहाटे ड्रिप सोडा, विहिरीचं पाणी त्या वेळी मातीपेक्षा कोमट असतं. घडांना कागद लावलाय ना?

उत्तर : दिल्लीहून

मी मूळचा चांदवडचा, इथे नोकरीला. ज्यांचा माल आगाप (लवकर तयार झालेला) आहे आणि गाडी दिल्लीला निघणार आहे त्यांच्यासाठी. पाऊस पडून गेला, वारं थांबलं, की ओल्या जमिनीवर दाट धुकं धरतं. दृश्यता ५० मीटरच्या खाली गेली की त्याला अतिदाट म्हणतात, हायवेवर पुढच्या ट्रकचा मागचा दिवाही दिसत नाही. गाडी भरण्याआधी हरियाणा, दिल्ली, पश्चिम उत्तर प्रदेश या पट्ट्याचा धुक्याचा इशारा नक्की बघा.

पुन्हा निफाडहून

काका, दादा, मनापासून आभार. मंगळवार-बुधवार सरपणाला हात लावला नाही. सासूबाई दोनदा म्हणाल्या, ‘पेटवू का गं?’ मी आभाळ दाखवलं. आज सकाळपासून ऊन लख्ख आहे, वारं उत्तरेकडून लागतंय. दोन थर्मामीटर आणलेत. पहाटे पाचला ओट्यावर ९ होतं, ओढ्याकडच्या शेवटच्या चार ओळींत साडेसहा. म्हणजे आजवर मी ओट्यावरच्या थंडीवरून बाग राखत होते. निम्म्याहून जास्त सरपण आता ओढ्याकडे नेऊन टाकलंय. कागद सगळ्या घडांना लागलाय. आज रात्री दोघी जागणार आहोत.